कापसाआडून आलेला राऊत

सुरभीच्या परीक्षेपायी पुंडलिकरावांच्या घरातला टीव्ही महिनाभर बंद होता, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाचे कान काय उद्योग करतील याचा नेम नसतो. परीक्षा कॉम्प्युटर नेटवर्किंगची, अगदी पहिल्या पायरीची. पण ती पास झाली तरच नागपूरच्या कंपनीतली नोकरी पक्की होणार होती. नापास झाली तर ती जागा दुसऱ्या कोणाची. म्हणून सुरभी आतल्या खोलीत दार लावून मोठमोठ्यानं पाठ करायची. आता कळंबच्या त्या घरात आतली खोली आणि बैठक यांच्यामध्ये यंदाचा सगळा कापूस आढ्यापर्यंत रचलेला. त्यातून आवाज गाळूनच बाहेर यायचा.

त्या संध्याकाळी पुंडलिकरावांच्या कानी पडलं ते असं: "राऊत... शिवाय आपलं घर बाहेर जुळतच नाही! आधी तिकडून विचारते, मंग इकडून होकार, मंग तिकडून पक्कं. तवाच जुळलं!"

"अवं, ऐकलं काय?" त्यांनी भाकरी थापणाऱ्या विजयमालाबाईंना गाठलं. "पोट्टीनं जमवलं."

"काय जमवलं?"

"राऊताच्या घरी. होकारगिकार सगळा झाला म्हनते."

"अवो, अभ्यास करून राह्यली ते."

"अभ्यासात राऊत कुठून आला?"

विजयमालाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. पुंडलिकरावांना राग आला नाही, उलट भरून आलं. पोरीनं लाजावं आणि बापानं न सांगता समजून घ्यावं, असा बाप होण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. राऊत कोण हे शोधायलाही वेळ लागला नाही. देवराव राऊतांचा ऋतिक सुरभीच्याच बसनं रोज यवतमाळला क्लासला जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुंडलिकराव देवरावांच्या दारात उभे राहिले.

देवराव चक्रावले. त्यांनी पोराला हाक मारली. "काहून बे, खरं हाये काय हे?"

ऋतिक कानापर्यंत लाल झाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "सुरभी म्हनली असं?" एवढंच त्यानं विचारलं, पण ते इतक्या आशेनं की त्याच्या आईनं, मथुराबाईंनी, तिथल्या तिथं कपाटातली ठेवणीतली साडी काढली.

अशा रीतीनं शनिवारी संध्याकाळी, परीक्षा दुसऱ्या दिवशी असताना, राऊत मंडळी पुंडलिकरावांच्या बैठकीत येऊन बसली. पोह्यांच्या बशा फिरल्या. पाव्हणे आले, बाहेर ये, एवढंच सुरभीला सांगितलेलं. ती केसांत पेन खोचून, ओठांत काहीतरी पुटपुटत आली.

"बस बेटा," मथुराबाई म्हणाल्या. "सैपाक येते ना?"

"येते." मग तिनं बशा पाहिल्या, ऋतिकचा कोरा शर्ट पाहिला. "बाबा, काय हाये हे?"

"लाजू नको. तूच तं म्हने, राऊतशिवाय जुळत नाही."

"राऊटर, बाबा! राऊ-टर! डबा असते तो, दिवे लुकलुकते त्याचे! आन होकार तं दोन कॉम्प्युटरचा असते!"

राऊटरमधला 'टर' कापसातच अडकला होता. ऋतिकनं मान खाली घातली.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "जातो मी. उद्या माझाबी तोच पेपर हाये."

"पेपर हाये?" मथुराबाई उसळल्या. "मंग इथं पोहे कायले खाऊन राह्यला?"

"तूच तं आनलं!"

सुरभीचे डोळे भरून आले. संध्याकाळ पाण्यात गेली होती आणि एक गणित अजून सुटत नव्हतं. आता ही बापावर तुटून पडणार असं दिसताच देवराव सावरासावर करायला पुढे झाले. "पन बाई, हा डबा करते काय?"

"घरातल्या घरात पोहे द्याचे तं आई देते," सुरभी फणकारली. "तुमच्या घरी धाडाचे तं कोनतं घर कुठं हे ठाऊक असनारा दारात पाह्यजे. तो राऊटर."

"मंग सोपंच हाये."

"कायचं सोपं? कॉम्प्युटरच्या मोठ्या जाळ्याचे तुकडे पाडा लागते, आन कॉम्प्युटरले वाटाचे पत्ते माझे दरवेळी जास्तच निघते."

"माझेबी," ऋतिक पुटपुटला.

"तुकड्याचं नावच नको काढू," देवरावांना स्वतःच्या भावाशी झालेली वाटणी आठवली. "आमच्या वावराचे तुकडे पाडले, तं किती जागा नुसती धुऱ्यात गेली!"

सुरभी थबकली. ऋतिकनं मान वर केली.

"पह्यला आन शेवटचा पत्ता!" दोघंही एकदम ओरडले.

प्रत्येक तुकड्यातले दोन पत्ते कोणाला द्यायचेच नसतात, बांधासारखे सोडून द्यायचे असतात, आणि ते वजा करायला दोघंही विसरत होते. सुरभीनं केसांतला पेन काढला. दोघं जमिनीवरच बसले, आणि थोड्या वेळानं मोठी माणसं चपला हातात घेऊन अंगणात गेली.

या परीक्षेचा निकाल तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर दिसतो. रविवारी दुपारी दोन्ही बाप बसस्टँडवर ताटकळत उभे होते.

"पास, बाबा!" सुरभी बसच्या पायरीवरूनच ओरडली. पुंडलिकरावांना हुंदकाच आला. तिच्या मागून ऋतिक उतरला, तोंड पाडून.

"काहून बे, नापास?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"पास झालो, काका."

"मंग तोंड कायले पाडलं?"

"क्लास संपला ना. आता सुरभी नागपूरले जाईन."

सुरभी त्याच्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "मंग तू काय कळंबातच बसनार हायेस? तूबी टाक नं अर्ज नागपूरले. मी वाट पाहीन."

स्टँडवर तीन गाड्या घरघरत होत्या, तरी पुंडलिकरावांना यातलं अक्षर न अक्षर ऐकू आलं.

"काय म्हनली पोरगी?" देवरावांनी कोपरानं ढोसलं.

"काय मालूम बुवा," पुंडलिकराव म्हणाले. "आजकाल मले बरोबर ऐकूच येत नाही."