टेकचंदभाऊंचा डावा हात

आजवर कोणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. बंद असलेल्या रेडिओनं एकदा मला उचलून फेकलं होतं. ती गोष्ट मी लपवली, आणि मी लपवली म्हणून एका चांगल्या माणसाचं जुळत आलेलं लग्न मोडलं. रेडिओ आमच्या सेठचा होता. माणूस म्हणजे टेकचंदभाऊ.

गोंदियाच्या बाजारात आमच्या राइस मिलच्या ऑफिससमोर टेकचंदभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचे ते गोरेगावकडचे. लढाईच्या काळात फौजेच्या वायरलेसमध्ये होते, स्वातंत्र्य मिळाल्यावर इकडे आले आणि दुकान टाकलं. मी मिलचा मुनीम. दुपारचं जेवण झालं की त्यांच्या बाकावर जाऊन बसायचं, हा माझा नेम.

त्यांना नवीन भेटणाऱ्या माणसाला पहिल्यांदा एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे त्यांचा डावा हात दिसत नाही. तो सदैव खिशात. सायकल एका हातानं. नमस्कार एका हातानं, कपाळाला लावून. पत्ते खेळायला बसले तर पानं धरणार कशी, म्हणून ती जमिनीवर पालथी मांडून ठेवत आणि एकेक उचलून पाहत. सभेत टाळ्या वाजल्या की उजव्या हातानं मांडीवर थापा मारत, तोंडानं 'वा वा' करत. धोतराला खिसा नसतो म्हणून धोतर सोडलं. शिंप्याकडून बंडीलासुद्धा डाव्या बाजूला खिसा लावून घेतला होता. रेडिओचे तुकडे टेबलाला ठोकलेल्या शिकंज्यात पकडायचे, डाख लावायची कथलाची तार दातांत धरायची आणि उजव्या हातानं काम करायचं. त्यामुळे कामाच्या वेळी ते बोलत ते निम्मंच कळे.

"भाऊ, तो हात आहे की नाही?" एकदा मी विचारलंच.

"आहे ना. सुट्टीवर आहे." त्यांनी तार तोंडातून काढली. "हे पाहा मुनीमजी, करंट एका हातातून शिरला आन दुसऱ्या हातातून निंघाला, तं रस्त्यात काय लागते? दिल लागते. एक हात खिशात असला तं त्याले रस्ताच नाही. लागन, चटका बसन, पन मानूस घरी जाईन."

"पण मग घरी, बाजारात, लग्नात कायले?"

"हाताले का घडी दिसते? कामाचा टाइम कोनता, जेवनाचा कोनता, त्याले नाही समजत. एक बार मोकरा फिरायची सवय लागली, का ऐन वेरेवर तो पहिले पुढं जाईन."

मी विचारणं सोडलं. पण गाव गप्प बसत नाही. हलवाई म्हणे, सहा बोटं आहेत. पानवाला म्हणे, फौजेत असताना कोण्या बाईचं नाव गोंदवून घेतलं आहे. आणि काही लोक काहीच म्हणत नसत, नुसता आवाज खाली करत. ती आवाज खाली करायची गोष्ट म्हणजे महारोग. आमच्या भागात हा शब्द लोक मोठ्यानं उच्चारत नाहीत.

टेकचंदभाऊंना याचा पत्ता नव्हता. त्यांचं सगळं लक्ष कंडेन्सरवर. कंडेन्सर म्हणजे रेडिओच्या पोटात असते ती वीज साठवणारी ॲल्युमिनियमची डबी. तिच्याबद्दल ते असे बोलत, जसा एखादा माणूस आपल्या तापट सासऱ्याबद्दल बोलतो.

"लोकायले वाटते, बटन बंद केलं, तार भिताडातून उपटली, झाला रेडिओ गरीब. अरे, नराची तोटी बंद केली तं मडक्यातलं पानी कुठं जाते? तिथंच राह्यते. बंद आहे म्हनजे रिकामा नोहोय."

हे शेवटचं वाक्य दिवसातून कितीदा ऐकायला मिळे याला गणती नाही. दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवलं जाई, मग तो रेडिओ आणणारा असो की पत्ता विचारणारा.

कंडेन्सर रिकामा करण्यासाठी त्यांनी एक हत्यार केलं होतं. वेळूची काडी, तिच्या टोकाला होल्डरमध्ये बल्ब, आणि होल्डरमधून निघालेल्या दोन तारा. तारांवर रबराच्या नळ्या. या काडीचं नाव त्यांनी 'समजावनी' ठेवलं होतं. लाकडाच्या पाटावर उभं राहायचं, बोटात अंगठी नको, डावा हात खिशात, आणि समजावनीच्या तारा कंडेन्सरच्या दोन टोकांना लावायच्या. बल्ब क्षणभर डोळा उघडे आणि हळूच मिटे. मग मीटरचा काटा लावून पाहायचं. मग दोन टोकं तारेनं बांधून ठेवायची, कारण रिकामा केला तरी तो आतल्या आत थोडा परत भरतो. "त्याच्या मनातलं एकदम नाही जात," ते म्हणत.

एकदा रेल्वेचा एक फिटर आला होता. तो म्हणाला, "इतना नाटक काहे का, भैया? ऐसे करो." आणि त्यानं स्क्रू पिळायचा पेचकस सरळ दोन टोकांवर आडवा टाकला. फाडकन आवाज झाला, उजेड पडला, पेचकसाचं टोक वितळून गेलं आणि फिटर बाकाच्या मागं सापडला. टेकचंदभाऊंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "घाई कायले करता भाईसाब? त्याले बी बोलू द्या जरा. हरूहरू उतरते."

ही समजावनी ते माणसांनाही लावत. कोणी तावातावानं आला, "पंधरा दिवस झाले, रेडिओ कुठाय माझा?" की भाऊ त्याला बसवत, चहा सांगत, त्याच्या गावच्या धानाची चौकशी करत, मुलीच्या बाळंतपणाची करत. माणूस हळूहळू मऊ होई. मग माझ्याकडे पाहून डोळा मिचकावत आणि ओठ न हलवता म्हणत, "बल्ब इझला. आता सांगतो का रेडिओ नाही झाला म्हनून."

आता माझं.

सेठ नागपूरला गेले होते. ऑफिसातला रेडिओ खरखरत होता. मी रोज बाकावर बसून इतकं ऐकलेलं की मला वाटलं, आपल्यालाही येतं. बटण बंद केलं, तार काढली, पाठीचं झाकण उघडलं आणि आतली काचेची नळी काढायला दोन्ही हात घातले. दोन्ही. पुढचं आठवतं ते इतकंच की मी तांदळाच्या पोत्यांवर आडवा होतो आणि माझे दात आपोआप वाजत होते. रेडिओही टेबलावरून खाली आला होता.

आवाज ऐकून टेकचंदभाऊ रस्ता ओलांडून आले. दारातून मला पाहिलं आणि पहिली गोष्ट झाली ती ही की त्यांचा डावा हात खिशातून निघाला. दोन्ही हातांनी त्यांनी माझे हात धरले, चोळले, छातीवर कान ठेवला, पुन्हा चोळले.

"काऊन, मुनीमजी? मी रोज का भिताडाले सांगून राहिलो होतो?"

"बंद होता, भाऊ," मी म्हणालो.

"बंद होता म्हनते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं चालूच. "बायको हाये, पोट्टे हायेत, आन हा दोन्ही हात घालते. हलू नोका. पडून राहा."

तो हात मी नीट पाहिला. पाच बोटं. गोंदण नाही, डाग नाही. ऊन न लागल्यामुळे लहान मुलासारखा गोरा आणि मऊ. माझी नाडी ठिकाणावर आल्यावरही त्यांनी तो लगेच काढला नाही. मग एकदम त्याच्याकडे पाहिलं, जणू कोणी दुसऱ्यानंच तो तिथं ठेवला होता, आणि खिशात परत घातला. भाऊंच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. आई गेल्यावर त्या हाताला कोणाचा हात लागला नसावा.

सेठ आल्यावर टेकचंदभाऊंनी स्वतः जाऊन सांगितलं, "कंडेन्सर जुना होता सेठजी, फुटला. कोनाचा दोष नाही." सेठना नोकरानं वस्तूला हात लावलेला खपत नसे. याआधीचा मुनीम घड्याळाला चावी दिली म्हणून गेला होता. माझी नोकरी टेकचंदभाऊंच्या त्या एका वाक्यावर राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न ठरत आलं. रेलटोलीत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमच्याच समाजातले एक मालबाबू, म्हणजे मालगाड्यांचं बुकिंग करणारे कारकून, राहत. त्यांची बहीण कौसल्याबाई, मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय थोडं पुढं गेलेलं, कारण आधी वडिलांचं आजारपण आणि मग तिची स्वतःची पसंती. टेकचंदभाऊंनी तिला एकदा दुकानात पाहिलं होतं. रेडिओ घेऊन आली होती आणि बंद असून रिकामा का नसतो, हे तिनं उभ्या उभ्या समजून घेतलं. एवढं शेवटपर्यंत ऐकणारी व्यक्ती त्यांना पहिल्यांदाच भेटली. मला म्हणाले, "तुमी चला संगं. मले जास्त बोलता नाही येत." मी तोंडाकडे पाहत राहिलो.

आम्ही गेलो. दारात पाय धुवायला पाणी आलं. मालबाबू गडव्यानं पाणी ओतत होते, आणि टेकचंदभाऊंनी एका हातानं पाय धुतले. मग तोच हात एकटाच पाण्याखाली धरून खंगाळला. जेवणानंतर पुन्हा तेच. आमच्याकडे पाहुण्यानं दोन्ही हात पुढं करायचे असतात. दारामागच्या बायांची कुजबूज बंद झाली. मी कोपरानं त्यांना ढोसलं. त्यांना वाटलं, पानासाठी ढोसतो आहे. त्यांनी पान घेतलं.

ते मालबाबूंचा रेडिओ पाहायला आत गेले, तेव्हा कौसल्याबाई अंगणात माझ्याजवळ आल्या. सरळ आल्या, पदर सावरत वगैरे नाही.

"तुम्ही रोज त्यांच्याजवळ बसता. घरच्यांना भीती वाटते हाताची. मला माणूस आवडला आहे. तो हात तुम्ही पाहिला आहे का? चांगला आहे का? तुम्ही 'हो' म्हणा, मी बाकी कोणाचं ऐकणार नाही."

आता 'हो' म्हणायला काय लागत होतं? पण भित्र्या माणसाला पुढचे प्रश्न आधीच ऐकू येतात. कधी पाहिला? कुठं पाहिला? ऑफिसात काय झालं होतं? मिलच्या तांदळाच्या वॅगनी मालबाबूंकडूनच बुक होत, आणि सेठ संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसत.

"नाही बा," मी म्हणालो. "मी काही पाहिला नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आठवड्यानं नकार आला. टेकचंदभाऊंनी ऐकून घेतला आणि शिकंज्यातला रेडिओ सोडवत म्हणाले, "नाही तं नाही. त्यायच्या घरची पोरगी, त्यायची मर्जी." कारण विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. दुकान चालू, बाक चालू, समजावनी चालू. मला तर ते आधीपेक्षा आनंदी वाटत. हसतात, खातात, फिटरची नक्कल करतात. मीही त्यांच्यासोबत हसतो. या हसण्यावर माझी इतकी वर्षं बरी गेली.

यंदा दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी कामानं रेलटोलीत गेलो होतो. मालबाबूंच्या क्वार्टरसमोर पानठेल्याच्या बाकड्यावर टेकचंदभाऊ बसलेले. डोळे मिटून.

"इथं काय करून राहिले, भाऊ?"

"आयकून राहिलो."

समोरच्या खिडकीतून गाणं येत होतं.

"चांगलं आहे गाणं," मी म्हणालो.

"गान्याचं मले काय समजते? त्याच्या खालची भुनभुन आयका. मागच्या हप्त्यात इतकी नोहोती. कंडेन्सर म्हातारा झाला." मग पानवाल्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "रोज नाही येत बरं. एकाद्या दिवशी. आवाज बरोबर असला तं मले बरं वाटते."

त्यांनी खिशातून एक नवा कंडेन्सर काढला, दोन्ही टोकं तारेनं बांधलेला.

"हा तुमी देऊन या. माहं नाव नोका घेऊ. मिस्त्री कोनताही बोलवा म्हना, पन घरच्यानं खोलायचं नाही. बंद करून बी नाही. बाई हुशार आहेत. हुशार मानसंच खोलतेत."

मी रस्ता ओलांडला. दार कौसल्याबाईंनीच उघडलं. केसांत पांढरं दिसू लागलं आहे. अजून भावाकडेच राहतात, अजून त्याच शाळेत. कंडेन्सर हातात घेऊन त्यांनी बांधलेली तार पाहिली.

"दुकानातून," मी म्हणालो. "घरच्यांनी खोलायचं नाही, असं सांगितलं आहे."

"बंद असला तरी रिकामा नसतो म्हणून?"

"हो."

त्यांनी माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं. "आमच्या रेडिओचा आवाज बिघडला, हे दुकानात बसून कसं कळलं त्यांना?"

 मग त्याच म्हणाल्या, "थंडी पडली आहे. बाहेर बसायचे दिवस नाहीत, म्हणावं."

मी निरोप पोचवला. भाऊ उठले आणि सायकलीकडे गेले. गाणं गुणगुणत होते, चुकीच्या चालीत.

तो हात मी पाहिला आहे आणि तो चांगला आहे. हे मी आता लिहिलं, पण जिनं विचारलं होतं तिला अजून सांगितलेलं नाही. ते एक उत्तर मी कौसल्याबाईंना देणं लागतो.