शाही थाळीची पडताळणी

सिताराममामा एकतीस तारखेला सेवानिवृत्त होणार असल्याने त्यांना निरोपाचं जेवण द्यावं, असं आमच्या परभणीच्या कार्यालयात एकमताने ठरलं. मामा चौतीस वर्षं शिपाई होते. साहेबलोकांसाठी त्यांनी हॉटेलांतून शेकडो पार्सलं आणली, पण पार्सल बांधून होईपर्यंत ते नेहमी गल्ल्यापाशी उभेच असायचे.

"एकदा टेबलाला बसून जेवायचं हाय," मामा म्हणाले. "वाढप्यानं वाढावं अन् आमच्या बायनाबाईनं नुसतं बसावं."

मागणी इतकी साधी होती की ती मंजूर करायला समिती नेमावी लागली. वरिष्ठ लिपिक बन्सीधरराव अध्यक्ष, भांडार विभागाच्या राजनंदिनी मॅडम सदस्य आणि मी सचिव. आठ कर्मचारी आणि मामा-बायनाबाई हे जोडपं अशा दहा ताटांची वर्गणीही जमली. स्टेशन रोडवरच्या एका नव्या हॉटेलाने फलक लावलाच होता: 'शाही थाळी, ५९९ ऐवजी फक्त २४९.'

"पण ती पाचशे नव्व्याण्णवची होती, याला पुरावा काय?" बन्सीधररावांनी विचारलं.

पुराव्याशिवाय खर्च करायचा नाही आणि तीन दरपत्रकांशिवाय पुरावा मानायचा नाही, असा आमचा शिरस्ता. म्हणून सेलू आणि पाथरीहून दरपत्रकं मागवली. सेलूची थाळी ऐंशी रुपयांना होती, पाथरीची शंभरला. दोन्हींवर सवलत नव्हती. राजनंदिनी मॅडमनी तुलनात्मक तक्ता केला: स्टेशन रोडला दर ताटामागे बचत तीनशे पन्नास, सेलू आणि पाथरीला बचत शून्य. बचत शून्य असलेल्या ठिकाणी जेवणं ही उधळपट्टी ठरली असती. ती दोन्ही दरपत्रकं फेटाळण्यात आली.

मग समिती नमुना तपासायला हॉटेलात गेली. तीन ताटं मागवली, वाट्या मोजल्या, पनीरचे तुकडे मोजले, पंचनामा केला. बाजारभावाने एका ताटाची किंमत भरली एकशे नव्वद. बन्सीधररावांनी मालक परमेश्वरशेठला बोलावून घेतलं.

"अहो साहेब, हे तर पहिलंच वाढप हाय," परमेश्वरशेठ म्हणाले. "थाळी अनलिमिटेड हाय. तुमी खाल तितकी तिची किंमत!"

हे म्हणणं बिनतोड होतं. थाळीची किंमत थाळीत नसून खाणाऱ्यात आहे, हा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. आम्ही तिथेच खायला बसलो. मॅडम तीनशे दहापर्यंत पोचल्या, मी चारशेवर थांबलो, बन्सीधरराव चारशे ऐंशीला घामाघूम झाले. यावरून सवलत खोटी आहे असा निष्कर्ष कोणी उतावळ्याने काढला असता. समितीने काढला तो असा, की थाळी खरी आहे, पोटं अपुरी आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाष्टा न करता गेलो. तिसऱ्या दिवशी आदल्या रात्रीपासून उपाशी राहून गेलो. तीनदा तिघं, अशी नऊ ताटं झाली. वर्गणीतलं उरलेलं दहावं बन्सीधररावांनी एकट्याने अपील म्हणून खाल्लं आणि सतराव्या पुरीला ते पाचशे नव्व्याण्णवला टेकले. परमेश्वरशेठनी स्वतः हात देऊन त्यांना ऑटोत बसवलं.

एकतीस तारखेला कार्यालयातच निरोप समारंभ झाला. बायनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, सकाळपासून काही न खाता आल्या होत्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मग बन्सीधररावांनी टेबलाचा आधार घेत अहवाल वाचला: सवलत अस्सल असल्याचं सिद्ध झालं असून दहा ताटांत एकूण साडेतीन हजार रुपये वाचले आहेत. टाळ्या वाजल्या.

मामा संकोचत म्हणाले, "साहेब, लय चांगलं झालं. मग ते वाचलेले पैशे द्या की. आमी दोघं जेवून येतो."

"मामा," बन्सीधरराव समजुतीने म्हणाले, "वाचलेले पैसे हातात नसतात."

"बरं, ऱ्हाऊ द्या. थाळी कशी होती ते तरी सांगा. घरी जाता जाता हिला सांगतो."

मॅडमनी तक्ता उलटसुलट चाळला. त्यात वजन होतं, नग होते, दर होते. चवीचा रकानाच नव्हता आणि आम्हा तिघांपैकी एकालाही चव आठवेना. बायनाबाईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या. मला फार लाज वाटली. अहवालावर आधीच सह्या झालेल्या असल्याने ती त्यात नोंदवता आली नाही.

ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकून झाल्यावर मामा पुढे कुठे जेवले, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. सगळे विचारतात तेच तुमच्याही ओठांवर आहे, म्हणून सांगून टाकतो: हो, सवलत चालू आहे. मुदत दर महिन्याला वाढते.