निळ्या रंगाची महासत्ता

"चीन अमेरिकेला मागे टाकणार! छातीठोकपणे सांगतो!" नरहरी राऊतांनी कॅन्टीनच्या टेबलावर अशी काही थाप मारली की शेजारच्याच्या वाटीतली डाळ उडून थेट त्याच्या खिशात गेली.

तारापूर एमआयडीसीतल्या 'उन्नती कलर्स' या कारखान्यात राऊत ॲडमिन मॅनेजर होते. म्हणजे गेटपास, पाण्याचे टँकर, पाहुणे आणि तुंबलेली गटारं या चारही खात्यांचे सर्वाधिकारी! पण त्यांचा खरा विषय जागतिक अर्थव्यवस्था. पालघरजवळच्या माहीमहून स्कूटरवर येताना ते कानात अर्थतज्ज्ञांची भाषणं घालून निघत, आणि बोईसर येईपर्यंत एखादा तरी देश बुडालेला असे.

"आनि आपला देश कदी जानार पुढं?" कॅन्टीनच्या पारूताईंनी विचारलं. त्या सातपाटीच्या. वीस माणसांचा गलका त्या एका हाकेत बंद पाडत.

"आपण? आपण चीनला गाठणार, मग अमेरिकेला! थोडा धीर धरा."

"धीर धरलाय की. दुसरी पाळी बंद पडल्यापासून माजा पोरगा विनोद रोज वापीला जातोय कामाला. ताट उचला आता, मला घासायचं हाय."

दुसरी पाळी सुरू होण्याची आशा होती ती एका अमेरिकन गिऱ्हाइकावर. कारखान्याचा निळा रंग त्याला पसंत पडला होता आणि त्याचा माणूस मंगळवारी कारखाना बघायला येणार होता. पण त्याच मंगळवारी, विमानांच्या कसल्याशा घोळामुळे, शांघायच्या कंपनीचा माणूसही येऊन टपकणार होता. निळ्या रंगाचा कच्चा माल या शांघायवाल्यांकडूनच यायचा.

मंगळवारी सकाळी मालक चिरागभाईंचा फोन आला. ते हायवेवर मनोरजवळ दोन ट्रेलरच्या मधे अडकले होते.

"राऊतभाई, मला टाइम लागेल. दोघांना तुम्ही सांभाळा. पण एक ध्यानात ठेवा! आपला कच्चा माल चीनचा, हे अमेरिकेवाल्याला समजायला नाय पाहिजे. नाहीतर तो बोलेल, तुम्ही कशाला मधे? आणि आपण अमेरिकेला माल देतो, हे चीनवाल्याला समजायला नाय पाहिजे. नाहीतर तो भाव चढवेल. दोघांना वेगळं बसवा!"

"साहेब, तुम्ही निवांत या. हा तर माझा विषय!" राऊत म्हणाले. चिरागभाईंना उगाचच घाम फुटला. एसी चालू असताना!

राऊतांनी मीटिंग रूममध्ये अमेरिकेचा छोटा झेंडा लावला, लॅबशेजारच्या खोलीत चीनचा. दोन्ही देशांसाठी दोन स्वतंत्र भाषणं मनात तयार केली. माणूस डिप्लोमॅट व्हायचा, चुकून एमआयडीसीत आला, असं त्यांना आरशात बघून वाटलं.

पहिली गाडी आली. आतून उतरला बुटका, काळ्याभोर केसांचा, बारीक डोळ्यांचा माणूस. हात पुढे करून म्हणाला, "पीटर लिन."

लिन! आता यात विचारायचं काय राहिलं? राऊतांनी त्याला अदबीनं चीनच्या झेंड्यापुढे बसवलं. पाहुण्यानं झेंड्याकडे पाहिलं, राऊतांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलणार तोच राऊतांची इंग्रजी गाडी सुटली.

"सर, अमेरिकेचे दिवस भरले!"

"खरंच?" पाहुणा दचकला.

"शंभर टक्के! म्हातारा पैलवान आहे तो. लंगोट कसलेला आहे, पण गुडघे गेलेत! पुढचं राज्य तुमचं."

"आमचं? तुम्हाला असं का वाटतं?" पाहुण्याला आता गंमत वाटू लागली होती. तो खुर्चीत सरसावून बसला.

राऊतांना इतका चांगला श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. घरी पत्नी वर्षाराणीबाई भाषण सुरू झालं की मिक्सर लावत! राऊतांची कळी खुलली, आणि कळीबरोबर तोंडही.

"आता आमचंच बघा ना. तुमचा कच्चा माल आला नाही तर आमचा निळा रंग निळा होत नाही! आम्ही फक्त शिजवतो आणि पिशवीत भरतो. आणि ते अमेरिकन भोळे, त्यांना वाटतं सगळं इथेच बनतं!"

"भोळेच म्हणायचे," पाहुणा हळूच म्हणाला.

तेवढ्यात दुसरी गाडी आल्याची वर्दी आली. राऊत धावले. गाडीतून सव्वासहा फुटांचा, सोनेरी केसांचा, टोमॅटोसारखा लाल गडी उतरला. "आंद्रे," तो म्हणाला. राऊतांनी मनातल्या मनात टाळी वाजवली. अमेरिका आली!

त्याला अमेरिकेच्या झेंड्यापुढे बसवलं. तोही झेंड्याकडे बघून गोंधळला. राऊतांना वाटलं, देशाच्या आठवणीनं गहिवरला असेल.

"सर, लोक म्हणतात चीन पुढे जाणार. मी म्हणतो, शक्यच नाही!"

"का बरं?"

"अहो, चिनी माल! सकाळी घ्यावा, संध्याकाळी चिकटवावा! आम्ही तर त्यांचं काही वापरतच नाही. आणि थोडंफार वापरत असलो, तरी पुढच्या वर्षी बंद! आता आमचा निळा रंग थेट तुमच्या अमेरिकेला जाणार, मोठी ऑर्डर आहे!"

आंद्रेनं शांतपणे खिशातून फोन काढला, कुणाला तरी लावला आणि अस्खलित चिनी भाषेत बोलू लागला.

राऊत कौतुकानं बघत राहिले. किती हुशार असतात हे अमेरिकन! शत्रूची भाषासुद्धा शिकतात!

मग त्यांचाच फोन वाजला. चिरागभाई.

"राऊतभाई, सुटलो एकदाचा! आले का दोघं? तो आंद्रे आहे ना, उंच, सोनेरी केसवाला? मूळ रशियाचा, पण पंधरा वर्षं शांघायला असतो. आणि तो पीटर, त्याचे आजोबा चीनहून अमेरिकेत गेले होते, चेहरा बघून फसू नका. हॅलो? राऊतभाई? हॅलो?"

राऊत भिंतीला टेकले. डोळ्यांपुढे दुसरी पाळी, विनोद, स्वतःची नोकरी, सगळं एका रांगेत गेटबाहेर जाताना दिसलं. मग एकच विचार आला: निदान या दोघांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये!

ते मीटिंग रूममध्ये परतले. खोली रिकामी. लॅबशेजारच्या खोलीत गेले. तीही रिकामी! दोन झेंडे तेवढे पंख्याखाली फडफडत होते.

कॅन्टीनमधून मात्र हसण्याचा आवाज येत होता.

एकाच टेबलावर समोरासमोर पीटर आणि आंद्रे बसले होते. मधे तळलेल्या पापलेटांचं ताट, आणि ताटावर पारूताईंची करडी नजर.

"पारूताई! यांना एकत्र कुणी बसवलं?"

"मी. मासं थंड होत व्हते. दोन खोल्यांत दोन ताटं कोन नेत बसंल? पावने कदी येगळे जेवतात काय? बरी मानसं हायेत, काटा-चमच्यानं खायला लागली, मी म्हटलं हातानं खावा!"

पीटरनं बोटं चाटत राऊतांना हाक मारली. "मिस्टर राऊत! फार छान ओळख करून दिलीत. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं, की माल या मित्राकडचा आहे!"

"आणि मला कळलं नसतं, की तो जातो कुठे!" आंद्रे हसला आणि दुसरा पापलेट ओढून घेतला.

चिरागभाई पोचले तेव्हा दोघं हात धुऊन हस्तांदोलन करत होते. काय ठरलं ते ऐकून चिरागभाई खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. रंग शांघायलाच शिजणार, विकला जाणार अमेरिकेत. जाताना दोघं एकाच गाडीत बसून गेले.

"राऊतभाई," चिरागभाई शेवटी म्हणाले, "तुम्ही दोन महासत्ता एक केल्या. आता तुमचं काय करू?"

राऊत दोन्ही खोल्यांतले झेंडे काढायला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच जागतिक परिस्थितीवर त्यांना मत नव्हतं. घरी गेल्यावर त्यांचं तोंड बघून वर्षाराणीबाईंनी हातातलं मिक्सरचं भांडं खाली ठेवलं आणि न विचारताच चहा टाकला.

पण पंधरवड्यानं पीटरची मेल आली. शांघायहून रंग मोठ्या गोण्यांत निघणार होता. तो छोट्या पिशव्यांत भरून अमेरिकेला पाठवण्याचं काम स्वस्तात कोण करेल? उन्नती कलर्स करील का? चिरागभाईंनी देवाला नारळ फोडला. दुसरी पाळी सुरू झाली, विनोदची वापीची खेप सुटली, आणि पॅकिंग विभागाचे प्रमुख म्हणून राऊतांची नेमणूक झाली. बढती की शिक्षा, हे चिरागभाईंनी सांगितलं नाही आणि राऊतांनी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी लेबलाचा नमुना छापून आला. राऊत तो बराच वेळ उलटसुलट बघत होते. मग त्यांनी फोन लावला.

"साहेब, वर मोठ्या अक्षरात अमेरिकन कंपनीचं नाव आलंय. त्याखाली 'चीनमध्ये निर्मित'. मग आपलं नाव कुठे छापायचं?"

"खाली बघा," चिरागभाई म्हणाले. "'ओलाव्यापासून दूर ठेवा' लिहिलंय ना? त्याच्या बाजूला थोडी जागा आहे."

राऊतांनी बघितलं. जागा होती. पण अक्षरं जरा बारीक करावी लागली.