जीच्या पानावरची पोरगी

लेकीला, चतुरेला पाहायला येणारा पोरगा हैद्राबादेत मॅट्रिक झालेला, हे कळलं त्याच दिवशी वसमतच्या माणिकरावांनी इंग्रजी शिकायचं ठरवलं. (हळदीचा दर एक वेळ फिरेल, माणिकराव फिरायचे नाहीत.) चतुरेला आधीच्या स्थळानं 'घर अडाणी' म्हणून नाकारलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं.

मास्तर कुठून आणणार? दुकानाच्या गादीवर बसून पुस्तकातून, नुसत्या डोळ्यांनी शिक्षण चाललं. डब्ल्यू-एच-वाय दिसलं की ते खुशाल 'वही' वाचत.

"गिऱ्हाईक हळद मागून राहिलं, अन् तुमी काय पुटपुटून राहिले?" बायको पार्वतीबाई विचारत.

"जीचं पान चालू हाय!" इंग्रजी 'जी' अक्षराच्या त्या पानावर शेळी आणि पोरगी यांची चित्रं शेजारीशेजारी होती. (घात तिथंच झाला.)

डोंगरकड्याचे तातेराव मुलाला, सोनाजीला घेऊन आले. पाहणं झालं, चतुरा आत गेली, चहा झाला. माणिकरावांनी घसा साफ केला. पहिले तीन शब्द त्यांनी पोस्टमास्तरांकडून घोकून घेतले होते, चौथा स्वतःच्या कमाईचा.

"यू लाइक माय... गोट?"

सोनाजी दचकून म्हणाला, "व्हाय?"

"व्हय म्हणले!" माणिकराव अंगणात धावले. "अवं, बत्तासे वाटा! जमलं!"

बघता बघता सगळ्या गल्लीचं तोंड गोड झालं. तातेराव ताडकन उठले. "माणिकराव, आमी होकार कधी दिला?"

"तुमचं पोरगंच व्हय म्हणलं की!"

"मामा, मी व्हाय म्हणलो," सोनाजी म्हणाला. "म्हणजे काहून, का म्हून! तुमची शेळी मला पसंत हाय का, हे काहून इचारून राहिले तुमी?"

माणिकरावांनी गल्लीकडं पाहिलं. आता हे लोक उठून गेले, तर बत्तासे खाल्लेली तोंडंच उद्या बाजारात चतुरेला नावं ठेवणार होती. तेवढ्यात दाराआडून हसू फुटलं. चतुरा पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि हसू काही केल्या दाबलं जात नव्हतं. सोनाजीनं तिकडं पाहिलं अन् तोही खो खो हसत सुटला.

"आबा, बसा खाली," तो डोळे पुसत म्हणाला. "पोरगी पसंत हाय मला. पण मामा, एक अट हाय."

माणिकराव मनात हिशेब करू लागले. घड्याळ मागतो की सायकल?

"लग्न लागेपर्यंत तुमी विंग्रजी बोलायचं न्हाई."

माणिकराव तोंड उघडणार, तोच आतून पार्वतीबाई कडाडल्या, "कबूल! लग्न लागल्यावरबी न्हाई बोलणार!"