सुभेदारतात्यांचा चेज

आमच्या शेजारचे सुभेदारतात्या कोंबडीच्या मागेसुद्धा बूट घालून धावायचे. पाठलागाला ते 'चेज' म्हणत. पलटणीतून घरी येताना त्यांनी एक ट्रंक आणि हा शब्द आणला. ट्रंक गंजली, शब्द मात्र रोजच्या वापरात राहिला.

कोंबडी परड्यात शिरली की चेज. इस्लामपूरची यष्टी चुकली तर पुढच्या थांब्यापर्यंत चेज. एकदा शेतातली लाइट गेली आणि वायरमन काही सापडेना. तात्या त्याच्या दारात जाऊन बसले ते उठेचनात. म्हणाले, "ह्यो बसून करायचा चेज. लय अवघड असतो."

माझी सासू त्यांना चिडवायची. "आवं भावजी, मरनाच्या मागं तेवडं लागू नगा."

"त्येच आपल्या मागं हाय, वैनी. त्येचा चेज चालूच हाय."

बाजाराला निघाले की तात्या पुढे आणि त्यांची बायको, पारूकाकू मागे. तात्यांनी कधी वळून बघितलं नाही. "मागं हाय, जाती कुटं?" म्हणायचे.

आता काकूंना माणसं ओळखू येत नाहीत. सगळ्यांत आधी त्या तात्यांनाच विसरल्या. रोज दुपारी त्या उसातल्या वाटेने अनवाणी माहेरी निघतात. माहेरी कोणी उरलेलं नाही. तात्या लांबून मागे चालतात, काकूंच्या चपला हातात घेऊन.

परवा मी शेतातून येताना दोघं दिसली. मी म्हटलं, "आवं तात्या, गाठा की काकूंना."

"जवळ गेलं की पळती. मागल्या खेपेला पार कॅनॉलच्या काठाला गेली. पाय घसरला असता. तवापासनं मी पळत न्हाई."

मीच पुढे होऊन काकूंचा हात धरला. पायांचे तळवे सोलले होते. त्या माझ्या कानाशी आल्या.

"त्यो बाप्या कवाचा माझ्या मागं लागलाय. आमच्या मालकास्नी निरोप धाड. मिल्ट्रीत हाईत त्ये. तंगडं मोडतील त्येचं."

तात्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी चपला वाटेवर ठेवल्या आणि मागे सरले.

"सूनबाई, तिला सांग," ते म्हणाले, "निरोप पोचला म्हनावं. मालक घराकडं निघालेत."

मी सांगितलं. काकूंनी पदर नीट केला, माघारी वळून वाटेवरच्या चपला पायांत घातल्या.

"चल बिगीबिगी. च्या टाकाया पायजे."

आम्ही जवळ आलो, तसे तात्या उसात शिरून उभे राहिले. काकू पुढे जाईपर्यंत त्यांनी पानसुद्धा हलू दिलं नाही.