आण्णांच्या मानेतलं बेअरिंग

आमच्या आण्णांना मागून हाक मारली की ते मान वळवत नाहीत. कपाट सरकवावं तसे अख्खे फिरतात. फिरून झालं की वर तोऱ्यात विचारतात, "बोला पावणं, कुठलं मॉडेल?"

आण्णा माझे शेजारी. शाहूपुरीत त्यांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी पंपच. मानेच्या मणक्यांमधल्या दोन चकत्या झिजून हात बधिर झाला, तेव्हा त्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, एकतर मणके कायमचे जोडू, नाहीतर कृत्रिम चकत्या बसवू, म्हणजे मान हलती राहील. आण्णांनी टेबलावर हात आपटला. "मान वळाय पायजे. बाकी काय बी करा. आणि गॅरंटी किती?"

चकत्या बसल्या, हात सुधारला. मग आण्णा कुणी विचारलेलं नसताना गल्लीभर मान डावी-उजवी करून दाखवत हिंडले.

पुढं मान हळूहळू अडायला लागली. एक्स-रे काढला तर चकत्यांच्या भोवती नको तिथं हाड वाढून त्यानं मणके सांधून टाकलेले. "काही जणांत होतं असं," डॉक्टर म्हणाले. "धोका नाही, पण मान आता पूर्वीसारखी वळणार नाही."

"म्हंजे बेअरिंग इम्पोर्टेड घातलं, आणि भवतीनं माझ्याच हाडानं वेल्डिंग मारलं व्हय? जरा ग्रीस मारून बघा की!"

तो एक्स-रे आता दुकानाच्या काचेवर लटकतोय. गिऱ्हाईक व्हॉल्व्ह मागतं, आण्णा आधी मणके दाखवतात.

एकदा मी वैतागून म्हणालो, "हात बरा झाला ना? मान नाही वळली तर काय अडतंय तुमचं?"

आण्णा म्हणाले, "तुझ्या काकीला ऐकाय येत न्हाय रं. व्हट बघून समजतंय तिला. गाडीवर मागं बसली की मी मान वळवून सांगत जायचो, कोण दिसलं, कोण काय म्हणालं. आता नुसती माझी पाठ बघत बसतीया."

 

परवा मंगळवार पेठेत, भर चौकात, आण्णांनी स्कूटर साइड स्टँडला लावली आणि खाली उतरले. काकी मागं तशाच बसलेल्या. पाठीमागचा रिक्षावाला हॉर्न बडवत तोंड सोडून बोलत होता. आण्णा काकींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, "मागचा रिक्षावाला मला शिव्या द्यालाय. आवाज मातूर ग्वाड हाय त्येचा."

काकी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांचं हसून होईपर्यंत आण्णा रस्त्यातच उभे होते.