लक्ष्मीकांतरावांची टिचकी

‘बघतो की मी’ एवढे तीन शब्द लक्ष्मीकांतराव बोलले नसते, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जावयाला नाही म्हणायचं कसं?

लेक अबोली आणि जावई समीर एका लग्नासाठी नाशिकला निघाले होते. इंदूरच्या पलासिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्यात एक दगड, आणि दगडावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी, केशरी, जांभळी फुलं.

“फुलं नाहीत बाबा, झोअँथिड. जिवंत प्रवाळ आहेत,” समीर म्हणाला. “लेकरांसारखे जपलेत. पाणी कमी झालं की फिल्टरचं साधं पाणी घाला, बस. उघड्या हाताने शिवू नका आणि गरम पाण्याजवळ तर नेऊच नका. विष असतं त्यांच्यात, वाफेतूनही बाधतं.”

“समीरराव, जुनी इंदूरमध्ये भांडी विकण्यात जन्म गेला माझा. टिचकी मारून पितळ ओळखतो. या बटणांचं टेन्शन नका घेऊ.”

मंडळी गेली. लक्ष्मीकांतराव आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई फ्लॅटवर राहायला आले. सकाळी लवकर दुकान गाठायचं आणि शटर ओढून रात्रीच्या जेवणाला परतायचं, हा रावांचा नेम. पहिल्या दिवशी परतून बघतात तो सगळी बटणं मिटलेली, दगडावर नुसते मळकट फोड. त्यांनी काचेवर टिचकी मारली. हालचाल शून्य.

“अगं सुलोचना, हे गेले.”

“कुठे जातील? दुपारी तर मस्त फुलले होते.”

(बायकोने दुपारी पाहिलेली गोष्ट खरी धरायची रावांना सवय नव्हती. आपल्याला धीर द्यायला बोलते, असं त्यांनी ठरवून टाकलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पाहिलं, मिटलेले. परतल्यावर पाहिलं, मिटलेले. दुकानात जीव लागेना. परात मागणाऱ्या बाईंना त्यांनी कढई बांधून दिली. त्यात समीरचा फोन आला, “कसे आहेत?” आणि रावांच्या तोंडून निघून गेलं, “एकदम झकास.” झालं. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही. जावई परत येणार, रिकामा दगड बघणार, आणि सासऱ्याच्या शब्दाची किंमत भंगारात जाणार.

समीर परतायच्या आदल्या रात्री मन घट्ट करून त्यांनी निर्णय घेतला. मेले ते मेले, निदान दगड तरी लख्ख करून द्यावा. भांडेवाल्याला डागावर एकच उपाय ठाऊक, उकळतं पाणी आणि सोडा. विषाचं त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण विष जिवंतात असेल, मेल्यात कसलं? गॅसवर मोठं पातेलं चढलं. रावांनी बायकोचे भांडी घासायचे रबरी मोजे चढवले आणि टाकीचं झाकण उचललं. इकडे पाण्याला आधण आलं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, समीर.

“बाबा, जरा टाकी दाखवा न. इथे आमच्या भावाला बघायचीय.”

रावांनी फोन पंख्याकडे धरला. “नेटवर्क नाहीये हो इथे.”

“सगळं नीट दिसतंय बाबा. पंखा दिसतोय.”

सुलोचनाबाईंनी पुढे येऊन फोन काढून घेतला आणि सरळ टाकीसमोर धरला. रावांनी डोळे मिटले.

“अरे हां, आठ वाजून गेले न,” समीर म्हणाला. “टायमरने लाइट बंद झाली की झोपतात ते. सकाळी अकरानंतर उघडतात. बाबा, तो बुडबुड आवाज कसला?”

“चहा,” राव म्हणाले.

सुलोचनाबाईंनी गॅस बंद केला. पातेल्यात डोकावल्या, मग मोज्यांकडे पाहिलं. “वरात येतेय का चहाला?”

दुसऱ्या दिवशी, एरवी फक्त रंगपंचमीला बंद असणारं रावांचं दुकान बंद राहिलं. खुर्ची टाकून ते टाकीसमोर बसले. अकराला लाइट लागली. हळूहळू एक बटण उघडलं, मग दुसरं, मग सगळा दगड हिरवा, केशरी, जांभळा होऊन डुलायला लागला. रावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या आनंदात त्यांचा हात जुन्या सवयीने आपसूक काचेवर गेला.

टिचकी.

सगळा दगड एका क्षणात मिटला. नेमकी तेव्हाच दारात समीरची बॅग टेकली.

“बघा,” सुलोचनाबाई म्हणाल्या, “तुम्हीच सांगता न, नुसतं वाजवून बघणारं गिऱ्हाईक आलं की शटर ओढून घ्यावं.”